तान्ह्या पोळ्याला पुदिन्याचा मिल्कशेक: लाईन असो की नसो

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लाकडी नंदी ओढत दारी आलेल्या पोट्ट्यांना बोजारा म्हणून पाच-दहा रुपये, चॉकलेट नाहीतर बिस्किटांचा पुडा द्यायची आपल्या विदर्भातली रीत. त्यासोबत एखाद्या वर्षी प्यायला थंडगार काही द्यायचं मनात असेल, तर पुदिन्याचा मिल्कशेक फार सोयीचा पडतो. श्रावण सरेपर्यंत परसातला पुदिना माजलेला असतो, हिरव्या चाऱ्यामुळे गोठ्यात दूध बरं असतं, आणि पाऊस दोन दिवस उघडला की असं उकडतं की नंदी सजवून उन्हात फिरलेली पोरं पहिल्यांदा पाणीच मागतात.

घरी केलेल्या पुदिना शेकबद्दल तक्रारी मात्र ठरलेल्या असतात. रंग काळपट येतो, चव कच्च्या पाल्याची लागते, आणि पाच मिनिटांत वर फेस, खाली पाणी. तिन्हींचं मूळ एकच: कच्ची पानं, दूध, साखर आणि बर्फ एकदमच मिक्सरच्या भांड्यात टाकून फिरवणं. पुदिन्याचा वास, पुदिन्याचा रंग आणि शेकचा थंडपणा ही तीन निरनिराळी कामं आहेत. वास गरम दुधात उतरवायचा. रंगासाठी पानं उकळत्या पाण्यातून काढून वाटायची. थंडपणासाठी बर्फाऐवजी दूधच गोठवायचं. एवढं पाळलं तर साध्या घरच्या सामानात, आइस्क्रीम न घालता, दाट आणि हिरवागार शेक होतो.

दोन दिवसांत काम वाटून घेतलं की ते जडही जात नाही. पोळ्याच्या दिवशी घरात कोणाला उसंत नसते हे खरं. बैल धुणं, सजवणं, तोरणाखालून आणणं, पुरणाच्या पोळ्या, मग घरोघरी बैलांची पूजा. पण संध्याकाळचं दूध त्याही दिवशी तापवावंच लागतं. शेकचं अर्धं काम त्याच दुधावर, त्याच चुलीवर उरकायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी फक्त फिरवायचं आणि वाढायचं राहतं.

पुदिना कसला घ्यायचा

आपल्या परसात किंवा आठवडी बाजारात मिळणारा पुदिना बहुतेक वेळा चटणीचाच असतो. इंग्रजीत त्याला स्पिअरमिंट म्हणतात, आणि त्याचा वास मुख्यतः कार्व्होन नावाच्या द्रव्याचा. च्युइंगगम किंवा थंड गोळ्यांचा जो झिणझिणीत गारवा असतो तो मेन्थॉलचा. ते पेपरमिंट आणि जपानी पुदिन्यात भरपूर असतं; उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला त्याची मोठी शेती होते, तेल काढण्यासाठी. मेन्थॉल जिभेवरच्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतं, म्हणून तोंड थंड झाल्यासारखं वाटतं. तोंडाचं तापमान मात्र तेवढंच राहतं. हा ग्राही २००२ साली ओळखला गेला, आणि तापमान व स्पर्श ओळखणाऱ्या ग्राहींवरच्या कामासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पातापूटियन या शास्त्रज्ञांना २०२१चं नोबेल मिळालं.

हे सांगायचं कारण असं, की घरच्या पुदिन्याकडून च्युइंगगमच्या गारव्याची अपेक्षा धरली की माणूस पानं वाढवत जातो. दुप्पट पानं घातल्यानं गारवा दुप्पट होत नाही, कडवटपणा होतो. चटणीच्या पुदिन्याचा गोडसर, हिरवा वास हीच या शेकची खरी मजा आहे. गारवा दुधाच्या थंडपणातून येऊ द्यावा.

पानठेल्यावर थंडाई म्हणून जे पांढरे खडे वापरतात ते बहुधा मेन्थॉलच असतं. ते शेकमध्ये टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. एका लहानशा कणानंही अख्खं भांडं औषधासारखं लागतं, आणि तान्ह्या बाळांना तर मेन्थॉलच्या वासानंही श्वासाचा त्रास होऊ शकतो. पोरासोरांचा सण आहे, खडे लांबच बरे.

पानं तोडताना शेंड्याकडची चार-पाच घ्यावीत. तुरा आलेल्या फांद्यांची पानं उग्र आणि कडवट होतात. पावसाळ्यात पानाच्या मागच्या बाजूला नारिंगी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा. अशी फांदी तोडून फेकायची. पुदिना मोरीच्या पाण्यावर छान वाढतो म्हणून बहुतेक घरी तिथंच लावलेला असतो. पण साबणाच्या आणि न्हाणीच्या पाण्यात भिजणारा पुदिना चटणीत शिजत नाही तसा शेकमध्येही फारसा शिजत नाही. हापशीच्या किंवा भाजी धुतलेल्या पाण्यावरचा असेल तर उत्तम. मोरीजवळचाच वापरायचा असेल तर चिखल उडालेली खालची पानं सोडून द्या, बाकीची मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि मग दोन-तीनदा चांगल्या पाण्यातून काढा.

बाजारातून आदल्या दिवशी जुडी आणली तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका, रात्रीतून काळी पडते. पेल्यात पाणी घेऊन त्यात देठं बुडवून उभी ठेवावी, नाहीतर ओल्या सुती फडक्यात गुंडाळावी. देठं मात्र टाकू नका. पाण्यात आठ-दहा दिवसांत त्यांना मुळ्या फुटतात, ती कुंडीत लावली की पुढच्या सणाला बाजारात जायचं काम नाही.

दूध

म्हशीचं दूध घ्या. पुदिन्याचं सुगंधी द्रव्य पाण्यापेक्षा स्निग्धांशात जास्त विरघळतं, आणि म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के, तर गाईच्यात साधारण साडेतीन-चार. दुसरं कारण रंगाचं. गाईच्या दुधाला कॅरोटिनमुळे पिवळसर झाक असते, म्हशीचं दूध पांढरंशुभ्र. हिरवा रंग त्यावर स्वच्छ उठतो. आपल्याकडे नागपुरी आणि पूर्णाथडी म्हशी आहेतच. गाईचंच दूध असेल, गवळाऊ जातीच्या गाईचं असो की संकरित, तर शेक थोडा पोपटी होईल आणि पातळही. त्याला साय वाढवून घ्यायची.

दूध त्याच दिवशीचं हवं. सकाळचं उरलेलं, जरासं आंबूस झालेलं दूध गरम असताना त्यात पाला पडला की फाटायला निमित्त मिळतं, आणि मग नाव पुदिन्याचं खराब होतं. डेअरीचं पिशवीतलं दूध घेणार असाल तर फुल क्रीम घ्या.

प्रमाण

साधारण पाच मोठे ग्लास, किंवा कागदी छोट्या कपांत दहा-अकरा पोरांपुरतं:

म्हशीचं दूध १ लिटर
साखर १०० ग्रॅम, म्हणजे जवळपास अर्धी वाटी
कॉर्नफ्लॉवर दीड मोठा चमचा, सपाट
दुधात घालायला पुदिन्याची पानं २ वाट्या, सैल भरलेली
रंगासाठी पानं १ वाटी
साय २ मोठे चमचे
मीठ चिमूटभर

साखर पिताना बेताची वाटेल अशी नको, थोडी पुढे हवी. थंड पदार्थात जिभेला गोडी कमी कळते; कोमट असताना बरोबर लागलेलं दूध गोठल्यावर फिकं लागतं. मिठानं खारटपणा येत नाही, पण पुदिन्याचा वास वर येतो.

कॉर्नफ्लॉवर चालत नसेल, किंवा कोणाचा उपास असेल, तर शिंगाड्याचं पीठ घ्या. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांत शिंगाडा पिकतो, त्यामुळे तिकडं तरी ते मिळायला अडचण नाही. प्रमाण दोन चमचे लागेल, रंगाला किंचित करडेपणा येईल, चवीला मात्र मला तरी कॉर्नफ्लॉवरपेक्षा सरस वाटतं.

पोळ्याच्या रात्री: दूध आणि वास

जाड बुडाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, दूध तापत ठेवा. त्यातलं अर्धा वाटी थंड दूध आधीच काढून त्यात कॉर्नफ्लॉवर गुठळी न राहता कालवून घ्या. दुधाला उकळी आली की आच कमी करा, साखर घाला, मग कालवलेलं पीठ एका हातानं धार धरून ओता आणि दुसऱ्या हातानं हलवत राहा. तीन-चार मिनिटांत दूध बासुंदीच्या थोडं अलीकडे येतं: पळीच्या पाठीवर पातळसा थर राहतो. इथंच थांबायचं. अजून आटवलं तर गोठल्यावर पिठूळ लागतं. मीठ आत्ताच टाका आणि गंज खाली उतरवा.

आता घाई करायची नाही. उकळत्या दुधात पुदिना टाकला तर घरभर छान वास सुटतो, आणि जो घरात सुटला तो दुधातून गेला. दहा मिनिटं दूध तसंच ठेवा, मधून हलवत राहा म्हणजे वर साय धरणार नाही. बोट घातलं तर लगेच काढावं लागेल, पण वाफ जोरात येत नाही, एवढं ते उतरलं की दोन वाट्या पानं हातातच हलकेच चुरडून आत सोडा. चुरडायची म्हणजे पिळायची नाहीत. पानांच्या पाठीवर तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या फुटण्यापुरता दाब पुरे. वर झाकण ठेवा.

पंधरा ते वीस मिनिटं. या वेळेच्या बाबतीत मी आग्रही आहे. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत वास येतो, त्यानंतर पाल्याचा तुरटपणा यायला लागतो. बैलांच्या गोठ्याकडे जायचं असेल तर कोणाला तरी सांगून जा, नाहीतर रात्रभर पानं तशीच राहतील आणि सकाळी काढा तयार असेल. वेळ झाली की चहाच्या गाळणीनं गाळून घ्या. गाळणीतली पानं एकदाच चमच्यानं दाबा, पिळून काढू नका.

चव घेऊन पाहा. या वेळी पुदिना जरा जास्तच झाला असं वाटलं पाहिजे. रंग पांढराच दिसेल, फार तर मलईचा. त्याची काळजी नको, रंगाचं काम वेगळं आहे.

दूध पूर्ण गार होऊ द्या. गंज थंड पाण्याच्या परातीत ठेवला आणि पाणी एकदा बदललं की अर्ध्या तासात होतं; पावसाळी दमट रात्री तापवलेलं दूध दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये. मग त्याचे दोन भाग करा. थोडा मोठा भाग, साधारण ६०० मिली, बर्फाच्या ट्रेमध्ये किंवा उथळ स्टीलच्या डब्यांत ओतून फ्रीजरमध्ये. डबा अर्ध्याच्या खालीच भरा. जाड थर आतून गोठायला सकाळ उजाडते आणि फोडायला बत्ता लागतो. उरलेलं ४०० मिली झाकून खालच्या कप्प्यात. साखर, स्निग्धांश आणि पीठ असल्यामुळे हे दूध बर्फासारखं टणक होत नाही, चमच्यानं तुटतं, आणि मिक्सरच्या पात्यालाही जीव राहतो.

रात्री लाईन, म्हणजे वीज, गेली तर फ्रीज उघडून पाहत बसू नका. दार बंद राहिलं तर फ्रीजर काही तास गारवा धरून ठेवतो. उघडझाप केली की तो तुमच्या हातूनच जातो.

रंग

हे काम दुसऱ्या दिवशी सकाळी करा, आदल्या रात्री नको. वाटण जितकं ताजं तितकं हिरवं.

पुदिन्याचं पान चिरलं किंवा वाटलं की त्यातली विकरं (एन्झाइम) हवेशी मिळून पान काळं करतात. कापलेलं वांगं काळं पडतं ते याच कारणानं. उकळत्या पाण्यात पान काही सेकंद बुडवलं की ही विकरं निकामी होतात. पण पान पाण्यात जास्त वेळ राहिलं तर हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरव्याचा शेवाळी रंग होतो. म्हणून सगळा खेळ पंधरा-वीस सेकंदांचा.

पातेल्यात भरपूर पाणी खळखळ उकळू द्या. शेजारी एका भांड्यात अगदी थंड पाणी तयार ठेवा. फ्रीज नसेल तर माठातलं ताजं पाणीही चालेल, दोनदा बदलावं लागेल एवढंच. एक वाटी पानं उकळत्या पाण्यात टाका, मनात वीसपर्यंत मोजा, झाऱ्यानं उचलून सरळ थंड पाण्यात. पानं एकदम गडद, चमकदार हिरवी दिसतील. गार झाली की मुठीत पिळा आणि दोन मोठे चमचे थंड दूध व चमचाभर साखर घालून बारीक वाटा. चटणीच्या भांड्यात वाटलं तर भांडं आधी नीट घासून घ्या, लसणाचा वास या शेकला अजिबात खपत नाही. पाट्यावर वाटलं तरी हीच अट.

रंग आणखी हवा असेल तर पालकाची दोन-तीन कोवळी पानं पुदिन्यासोबतच उकळत्या पाण्यातून काढून वाटा. चव लागत नाही, पोरांना सांगायचं कामही नाही. दुकानातला हिरवा खाद्यरंग घ्यायचाच झाला तर बंद बाटलीतला, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक छापलेला घ्या आणि लिटरभराला एक-दोन थेंबांवर थांबा. सुट्या पुडीत मिळणारा रंग कपड्याचा की खायचा हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

फिरवणं

पोरं यायच्या अर्धा तास आधी सुरुवात करा, त्याहून आधी नाही.

मिक्सरच्या मोठ्या भांड्यात आधी थंड दूध, मग हिरवं वाटण आणि साय, सगळ्यात शेवटी गोठलेल्या दुधाचे तुकडे. उलटं केलं तर पातं तुकड्यांत अडकून मोटर कण्हत राहते. भांडं दोन-तृतीयांशच भरा. वरच्या प्रमाणाचे दोन घाणे होतील. आधी बटण चार-पाच वेळा थोडं थोडं दाबून तुकडे फोडा, मग सलग पंधरा-वीस सेकंद फिरवा. बस.

यापुढे फिरवत राहण्याचा मोह होतो, कारण फेस छान दिसतो. पण म्हशीच्या दुधाची साय घुसळली जातेय हे विसरू नका. मिक्सरचं भांडं गरम झालं आणि दूध जरा उबेला आलं की लोणी सुटतं. मग ग्लासाच्या कडेला बारीक कण चिकटतात आणि ओठाला तेलकट लागतं. असं झालंच तर चहाच्या गाळणीनं गाळून घ्या, दोन गोठलेले तुकडे घालून पाच सेकंद फिरवा. शेक थोडा हलका होईल, पण वाढण्यासारखा राहील.

लहान इन्व्हर्टरवर मिक्सर लावायचा प्रयत्न नको. पंखे-दिवे ओढणारा इन्व्हर्टर मिक्सरच्या झटक्यानं बंद पडतो आणि सणाच्या दिवशी तो दुरुस्त करायला कोणी येत नाही.

लाईन नसेल, किंवा फ्रीजच नसेल तर

पोळ्याच्या आसपास एक जोराची सर आली की लाईनचा भरवसा नसतो. अशा वेळी जुनी कुल्फीवाल्याची रीत कामाला येते. बर्फ आणि मीठ.

तालुक्याहून आणलेली बर्फाची लादी शेकच्या आत टाकायची नाही, बाहेरूनच वापरायची. कारखान्यातला बराच बर्फ मासळी किंवा माल थंड ठेवण्यासाठी असतो आणि तो पिण्याच्या पाण्याचाच असेल असं नाही. महाराष्ट्रात २०१८पासून अखाद्य बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम आहे. लादीवर निळी झाक दिसली तर तो खाण्याचा नाही हे निश्चित. पांढरी दिसली म्हणून खाण्याची, असंही समजू नका.

लादी पोत्यात घालून मुसळानं बारीक फोडा. मोठ्या बादलीत तळाला बर्फाचा थर, त्यावर खडं मीठ, असं तीन वाटे बर्फ आणि एक वाटा मीठ या मानानं. बादली दुसऱ्या मोठ्या टोपल्यात किंवा पोत्यात ठेवून भोवती कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, दाबून भरा. तुरीचं, सोयाबीनचं, जे घरात असेल ते. कुटारात अडकलेली हवा उष्णता आत येऊ देत नाही, बर्फ दुपटीनं टिकतो. मग पुदिन्याचं गार झालेलं सगळं दूध, म्हणजे पूर्ण लिटर, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या उंच डब्यात भरून तो डबा बर्फात गळ्यापर्यंत बसवा.

नुसता बर्फ शून्य अंशावर वितळतो. मीठ मिसळलं की तो त्याहून खालच्या तापमानाला वितळायला लागतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून खेचतो, आणि मिश्रण शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत उतरतं. दूध त्यात सहज गोठतं. डबा दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवत राहायचा. हे काम मोठ्या पोट्ट्यांना द्या, आनंदानं करतात. दर पाच-सात मिनिटांनी बर्फ बाजूला सारून, डब्याचं तोंड कोरड्या फडक्यानं पुसून मगच झाकण उघडा. खारं पाणी एक चमचा आत गेलं तरी सगळी मेहनत जाते. कडेला धरलेलं दूध लाकडी चमच्यानं खरवडून मध्ये आणा. अर्धा-पाऊण तासात दूध भुरभुरीत, ओलसर गोठलेलं होतं. त्यात हिरवं वाटण आणि साय घाला आणि रवीनं जोरात घुसळा. मिक्सरइतका बारीक फेस येत नाही, दाताखाली थोडे कण येतात, आणि खरं सांगायचं तर मला हाच प्रकार जास्त आवडतो.

उरलेलं खारं पाणी पुदिन्याच्या वाफ्यात किंवा गोठ्याजवळ ओतू नका. वाफा जळतो आणि जनावरं चाटत बसतात.

तीस पोरांसाठी

गावात तान्हा पोळा मारुतीच्या पारापाशी किंवा शाळेच्या मैदानात भरतो, आणि तिथून सुटलेली फौज एकदमच येते. तीस पोरांना शंभर मिलीचा कप धरला तर तीन लिटर दूध, त्याच हिशेबानं बाकी सगळं तिप्पट. फक्त पुदिना तिप्पट करू नका, अडीचपट पुरे. मोठ्या भांड्यात दूध सावकाश गार होतं, त्यामुळे पानांना वास सोडायला जास्त ऊब मिळते.

घरच्या फ्रीजरमध्ये दोन लिटर दूध एका रात्रीत गोठत नाही. एक लिटर गोठवा, बाकीचं दूध अगदी गार ठेवा, आणि शेजारी एखाद्या घरच्या फ्रीजरमध्ये जागा मागून घ्या. सणावाराला यात कोणाला संकोच वाटत नाही. तालुक्याहून व्हॅनिला आइस्क्रीमचा मोठा पॅक आणता आला तर काम निम्मं होतं: लिटरभर पुदिन्याच्या दुधाला पाव किलो आइस्क्रीम धरा आणि साखर एक तृतीयांशानं कमी करा.

वर काय घालायचं ते हौसेवर. मला पेपरमिंटच्या जुन्या गोळ्या आवडतात, फडक्यात बांधून बत्त्यानं पार भुगा केलेल्या. लहानग्यांच्या कपात खडा जाऊ नये. भिजवलेला सब्जाही चांगला दिसतो, चमचाभर सब्जा पंधरा मिनिटांत फुलतो. पुदिन्याचं एक कोवळं पान मोठ्यांच्या ग्लासात ठेवा. पोरं ते काढून टाकतात.

हे टाकू नका

लिंबू नको, हे सगळ्यांना माहीत असतं. फसगत होते ती बाजारातल्या मिंट सिरपमध्ये. सरबतासाठी बनवलेल्या बऱ्याच सिरपमध्ये सायट्रिक आम्ल असतं. बाटलीवर ३३० हा आकडा दिसला तर ते दुधात घालायचं नाही, दूध फाटतं. आलंही नको. कच्च्या आल्यात दूध विरजवणारं विकर असतं, कोमट दुधात ते झपाट्यानं काम करतं. गूळ घालायची इच्छा असेल तर दूध पूर्ण गार झाल्यावर घाला, गरम दुधात गुळानं दूध नासू शकतं. रंग तसाही मातकट होईल. केळं पुदिन्यासोबत घातलं तर दोघांचाही वास बिघडतो. कोको मात्र छान जमतो. चमचाभर कोको पावडर गरम दुधातच साखरेसोबत घाला आणि मग हिरवं वाटण करायचे कष्ट घेऊ नका, रंग दिसणारच नाही.

शेक उरला तर तो तसाच फ्रीजमध्ये ठेवण्यात अर्थ नाही, फेस बसतो आणि सकाळपर्यंत रंग उतरतो. छोट्या वाट्यांत किंवा कुल्फीच्या साच्यांत ओता, मध्ये काडी रोवा आणि गोठवून टाका. दोन-तीन दिवस चांगला राहतो. मारबतीची मिरवणूक पाहायला नागपूरला गेलेली मंडळी रात्री उशिरा परतली की त्यांच्या वाट्याला तोच येईल.